भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

केसरीनाथला ऐकू येत नाही, हे भिवंडीत निजामपुऱ्यातल्या वाचनालयाला कळायला तीन वर्षं लागली. यात दोष त्याचा नव्हे, वाचनालयाचा. जो माणूस दर रविवारी सकाळी दहाला समोर येऊन बसतो आणि शब्दकोड्याची अर्धी घरं भरून देतो, त्याच्या कानांची चौकशी करणार कोण?

कामतघरच्या कारखान्यात तो तीस वर्षं जॉबर होता. बिघडलेला माग चालता करून देणं हे त्याचं काम. चाळीस मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी काही कळत नाही, म्हणून तिथे सगळे एकमेकांचे ओठ वाचतात. कान हळूहळू गेले, ओठ वाचायची सवय राहिली. बायको बायजाबाई म्हणायची, "कान गेले ते बरा झाला. तसापण तुमी माझा कंदी आयकता?"

वाचनालयात पेपर एक आणि डोकी दहा. म्हणून कार्यवाह मनोज सर कोड्यातली सूचना मोठ्याने वाचत आणि ज्याला आधी सुटेल तो उत्तर ओरडे. 'बिथरलेली मगर चटका देते, तीन अक्षरे.' बाकीचे मगरीच्या जातींवर वाद घालत बसत. मनोज सरांना मिशी नव्हती, ही देवाची कृपा. त्यांच्या ओठांवर नजर रोखून बसलेला केसरीनाथ तोवर अक्षरं उलटीपालटी करून मोकळा झालेला असे. "गरम!" सातवी पास माणूस दर रविवारी पदवीधरांना पाणी पाजतो, हे काहींना खुपायचंही. खुपेना का!

२००६ सालच्या वार्षिक स्पर्धेच्या आदल्या रविवारी कोणीतरी पाठीमागून त्याला चार हाका मारल्या. हा ढिम्म. बिंग फुटलं.

स्पर्धा जोड्यांची होती. केसरीनाथचा जोडीदार मोहिउद्दीन. त्याच्याच कारखान्यात वीस वर्षं माग चालवलेला, आणि कोड्याचं वेडही त्याच्याइतकंच. दोघे ठरल्या वेळी येऊन बसले, तर मनोज सरांनी केसरीनाथच्या हातात चिठ्ठी ठेवली. 'जोड्या आपसांत कुजबुजतात ते तुम्ही ओठांवरून वाचता, अशी तक्रार आहे. यंदा प्रेक्षकांत बसा.'

"म्हंजे मी चोर हाय?" केसरीनाथचा आवाज आधीच मोठा, त्यात संताप.

 एकेकाने हातातला कागद तोंडापुढे धरला. चिठ्ठीपेक्षा हे त्याला जास्त झोंबलं. तीस वर्षांत त्याने कारखान्यातून कापडाची चिंधी घरी नेली नव्हती, आणि आता रविवारचा जिवाभावाचा एक कोपरा होता तोही हे पुस्तकी लोक हिसकावून घेत होते. घरी जाऊन गप्प बसला असता, तर पुढच्या रविवारी पाय उंबऱ्याशीच अडखळला असता. तेवढं त्याला पक्कं कळलं.

तो उठला. लोकांना वाटलं, चालला. त्याने खुर्ची उचलली, भिंतीपाशी नेली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. "आता कोनाचे ओठ मना दिसत न्हाय. वाचा सर!"

मोहिउद्दीन हसत भिंतीला पाठ लावून त्याच्यापुढे उभा राहिला. मनोज सरांनी नियमांचा कागद दोनदा चाळला. खुर्ची कुठे तोंड करून ठेवावी, यावर त्यात अवाक्षर नव्हतं. झक मारत स्पर्धा सुरू करावी लागली.

मनोज सर सूचना वाचत. मोहिउद्दीन ती ऐके आणि आवाज न काढता नुसत्या ओठांनी केसरीनाथला सांगे, मागांच्या धडधडाटात वीस वर्षं सांगत आला तशी. बाकीच्या जोड्यांना कुजबुजावं लागत होतं, या दोघांना तेवढीही गरज नव्हती. तरी लढत सोपी गेली नाही. शेवटची सूचना आली तेव्हा दोन जोड्या बरोबरीत होत्या.

'कापड विस्कटलं, वाडा मोडकळीस आला. तीन अक्षरे.'

कापड! भिवंडीच्या जॉबरला कापड विस्कटायला सांगतात! मोहिउद्दीनचे ओठ मिटायच्या आत केसरीनाथ भिंतीवर गरजला, "पडका!"

टाळ्या वाजल्या. त्या त्याला ऐकू आल्या नाहीत, पण मोहिउद्दीनचा चेहरा पाहून कळलं. मागे मनोज सर येऊन उभे राहिले आणि पडेल आवाजात काहीतरी बोलले. केसरीनाथने मान वळवली नाही. मोहिउद्दीनची नजर मागे गेलेली पाहून त्याने नुसती भुवई उडवली.

"माफी मागतायत," मोहिउद्दीनचे ओठ हलले.

"त्यांना सांग, समोर येऊन बोला."

मोहिउद्दीन बाजूला झाला. भिंत आणि खुर्चीच्या मध्ये हातभर जागा होती. कार्यवाह मनोज सर पोट आत ओढून, अंग तिरकं करून तिथे शिरले. सवयीने त्यांनी हातातला कागद तोंडाशी नेला होता.

"तो कागद पयला खाली घ्या," केसरीनाथ म्हणाला. "आता बोला."