झेललेली ओळ

पुण्यात आमचा पंक बँड होता. चार वर्षं मी माइक तोंडात घालून नुसता ओरडलो. गाणं दीड मिनिटाचं, शिव्या इंग्रजीत, आणि मी नंदुरबारकडचा आहे हे सांगायची लाज वाटायची. खोटं कशाला बोलू, मजाही भरपूर आली. मग घशात गाठी झाल्या. डॉक्टरांनी सहा महिने ओरडणं बंद केलं आणि बँडने आठवडाभरात दुसरा गायक शोधला. मी साधी लाकडी गिटार घेऊन धानोऱ्याला मावशीकडे आलो.

मावशी गावात कानबाईची, आमच्या खानदेशातल्या देवीची, गाणी म्हणते. श्रावणात कानबाई बसते, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नदीवर नेतात. वाटेत एकजण ओळ म्हणते आणि बाकीच्या बाया ती झेलतात, म्हणजे उचलून परत म्हणतात. ओळ पटली नाही तर कोणी झेलत नाही. बोलत कोणीच नाही, पण म्हणणारी एकटी पडते. मला अहिराणीत, घरच्या बोलीत, स्वतःचं गाणं करायचं होतं आणि ते या बायांनीच झेलायला हवं होतं. पुण्यातल्या टाळ्यांचा मला वीट आला होता.

पहिल्या वर्षी मावशीच्या मागे लागून एक पाळी मिळवली. गिटार गळ्यात, वीस ओळींचं गाणं. एकीनेही झेललं नाही. बाया मुकाट चालत राहिल्या, एकीने तेवढा पदर सारखा केला. गिटार तिथेच नदीत टाकावीशी वाटली.

घरी मावशी म्हणाली, "पोऱ्या, तुन्हा गानामा दम घेवाले जागाच नही शे. आम्ही कोठे शिरानं?"

मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिचं बरोबर होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. बँडमध्ये मोकळी जागा ठेवली की भित्रे समजायचे.

हिवाळ्यात मावशी मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळत घालतात त्या मैदानावर, देठ खुडायला जाते. मीही जाऊन बसलो. तिखट हवा, त्यात माझा दुखरा घसा, खोकून खोकून जीव जायचा. बाया हसायच्या. पण मी हटलो नाही. मावशी ओळ म्हणायची आणि मी इतरांबरोबर झेलायचो. घरी येऊन गाण्यातली एकेक ओळ खोडायचो. विसाच्या चार राहिल्या.

यंदाच्या श्रावणात परत पाळी मागितली. या वेळी गिटार घरीच ठेवली. नदीच्या उतारावर म्हणालो, "वाट दे रे पानी, मन्ही माय निंघनी." आणि गप्प राहिलो. ते गप्प राहणं चार वर्षांच्या ओरडण्यापेक्षा अवघड होतं.

मागून पाच-सहा आवाज आले. मग सगळेच. माझीच ओळ, माझ्यापेक्षा संथ. मला रडू फुटलं, पुढचं काही म्हणताच येईना.

मावशीने पाठीत धपाटा घातला. "थांबना कसाले? बाया वाट देखी ऱ्हायन्यात."