तिसरं पेडल

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओने नेला. कॅलिपर लावून मी चालते. सपाटीवर बरी, जिन्यावर वाईट. टेंभी नाक्याजवळच्या आमच्या घरातून लोकलने कल्याणच्या कॉलेजात शिकवायला जायचं म्हणजे दोन्ही स्टेशनांवरचे पूल आलेच. म्हणून बाबा रोज माझ्याबरोबर यायचे. रिटायर झालेला माणूस, माझी पिशवी खांद्याला लावून कॉलेजपर्यंत यायचा आणि माझे तास संपेपर्यंत लायब्ररीत पेपर वाचत बसायचा. मी चांगली गणित शिकवणारी बाई, आणि फाटकात माझी वाट बघत बाप उभा! मला लाज वाटायची, आणि अशा बापाची लाज वाटते म्हणून स्वतःचा संतापही यायचा.

दादा, माझा मोठा भाऊ, तेव्हा मस्कतला नोकरीला होता. एका मे महिन्यात मी त्याच्याकडे गेलेले. एके दिवशी त्याने मला एका मोकळ्या मैदानात नेलं आणि सरळ स्टीअरिंगसमोर बसवलं. तिकडच्या गाड्यांना स्टीअरिंग डावीकडे. शिवाय ही गाडी ऑटोमॅटिक, म्हणजे गिअर आपले आपण बदलणारे आणि डाव्या पायाने दाबायच्या क्लचची भानगडच नाही. खाली दोनच पेडल, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, दोन्ही उजव्या पायाची.

"डावा पाय आज रजेवर," दादा म्हणाला. "त्याला इथे कामच नाही."

गाडी हलली आणि मला रडूच फुटलं. "अगं, समोर बघ! रडतेस काय वेड्यासारखी?" दादा ओरडला. पण मी थांबले नाही. त्याचं जेवण चुकलं तरी मी मैदानाला चकरा मारतच होते.

तसली गाडी तेव्हा आपल्याकडे बनत नव्हती. दादाचं कायमचं परत यायचं ठरलं तेव्हा त्याने सोनं आणलं नाही, टीव्ही आणला नाही. ती गाडी बोटीवर चढवली. "आता तू एकटी जा कल्याणला, आणि बाबांना घरी झोपू दे," एवढंच म्हणाला.

गाडी आली आणि आमची साडेसाती सुरू झाली. आधी ती गोदीत धूळ खात पडली. कस्टम्समधून सुटली तर आरटीओत अडकली. साहेबांनी गाडीभोवती फेरी मारली आणि मान हलवली. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून हेडलाइटचा झोतही उजवीकडे झुकलेला. इथे तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार. आणि डाव्या हाताच्या स्टीअरिंगने ओव्हरटेक करणार कसं? "सगळं उजवीकडे घेऊन या, मग पासिंगचं बघू," ते म्हणाले. नियम त्यांचा बरोबरच होता. वाईट वाटायचं ते एवढंच, की तिकडे जी गाडी शहाणी होती ती बोटीतून उतरल्यावर वेडी ठरली.

तोवर दादाला बडोद्याला नोकरी लागली आणि तो गेला. गाडी बाबांच्या गळ्यात पडली. त्यांनी ती वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये दिली. मालक खाडीकाठच्या गावचा, हाताचा चांगला आणि मनाचा त्याहून. डॅशबोर्ड कापून, दांडे नव्याने घडवून स्टीअरिंग इकडून तिकडे न्यायचं काम काही महिने चाललं. मलाही बघायला जायचं होतं. "तिथे बायकामाणसं कुठे येतात?" म्हणून बाबांनी नेलं नाही.

दसऱ्याला गाडी दारात आली. मालक स्वतः घेऊन आला, नवी चप्पल घालून. आईने झेंडूचा हार घातला, ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली. शेजारीपाजारी जमले. मी उजवीकडचं दार उघडलं, बसले, डावा पाय हाताने उचलून आत घेतला आणि खाली बघितलं.

पेडल तीन होती.

मला वाटलं, मी चुकीचं मोजतेय. मालक खिडकीत वाकला. "काका, टेन्शन नाय घ्यायचं आता!" तो बाबांना म्हणाला. "तो आटोमॅटिक गिअरचा डबा काढूनच टाकला. स्टीअरिंग फिरवताना मधे येत होता, तेल गळत होतं, आणि उद्या बिघडला तर पार्ट कुठून आणणार? इथलाच गिअर टाकला, क्लचवाला. पोरगा मस्त चालवेल तुमचा."

"पोरगा?" मी विचारलं.

"गाडी मुलाचीच ना?" तो गोंधळून बाबांकडे बघायला लागला. "काकाच बोलले."

जुना डबा कुठाय, विचारलं. भंगारात गेला होता. त्याच्यावर काय चिडणार? त्याने भल्यासाठीच केलेलं.

लोक पांगल्यावर मी बाबांवर तुटून पडले. "माझ्यासाठी आहे म्हणून सांगायला काय झालं होतं तुम्हाला? तोंड शिवलं होतं?"

बाबा खुर्चीत बसले. कागदावर गाडी दादाच्या नावावर होती, म्हणून तसं बोलून गेलो, असं आधी म्हणाले. मग खरं बोलले. "अगं, मुलीसाठी म्हटलं की ऑटोमॅटिकच का, पायाला काय झालंय, सगळं विचारतात लोक. तुझ्यासाठी स्थळं बघतोय. त्या माणसाची गावभर ओळख. कशाला चारचौघांत तुझ्या पायाचा विषय?"

माझा पाय चारचौघांना रोज दिसत होता. फक्त बाबांना स्वतःच्या तोंडाने त्याचं नाव काढायचं नव्हतं. मी ओक्साबोक्शी रडले. तेही रडले. आणि डोळे पुसून म्हणाले, "मी शिकतो गाडी. आता तुला पूल नको की काही नको. मी सोडेन कल्याणला, मी आणेन."

"बघ, सुटला प्रश्न," आई म्हणाली.

साठी उलटलेला माणूस खरोखर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेला, पोरांच्या रांगेत उभं राहून लायसन घेतलं. नजर अधू होईपर्यंत त्यांनी मला नेलं-आणलं. मग आम्ही ड्रायव्हर ठेवला. स्टाफरूममधल्या बायका म्हणायच्या, बाप असावा तर असा. खरंच होतं ते. पण एकटी मी कल्याणला एकदाही गेले नाही.