मुलांना पळवूया

आमच्या व्यायाम मंडळाच्या पत्रकाचं शीर्षक मी लिहिलं होतं आणि ते मला आजही बरोबर वाटतं: 'चला, मुलांना पळवूया!' मुलं पळत नाहीत, म्हणून त्यांना पळवायचं. साधं प्रयोजक क्रियापद आहे, शाळेत सगळ्यांनी शिकलेलं.

कसालच्या बाजारात मी स्वतः ती पत्रकं वाटली. आतला मजकूर जळजळीत होता. पोरं संध्याकाळभर मोबाईल घेऊन बसतात, आईबाप त्यातच कौतुक मानतात, शाळा खेळाच्या तासाला गणित उरकते, आणि मग सगळे मिळून 'हल्लीची मुलं' म्हणून सुस्कारे टाकतात, हे सगळं सुनावलं होतं. खाली ठळक अक्षरांत व्यायामाचे फायदे. फायदे वाचून आजवर एकही पोर धावत सुटलेलं नाही, पण पत्रक म्हटलं की फायदे लागतात.

आतलं कुणीच वाचलं नाही. शीर्षकाचा फोटो मात्र गावाच्या ग्रुपवर गेला आणि मी घरी पोचेपर्यंत त्याची बातमी झाली: पोरं पळवणारी टोळी कसालात आली आहे, आणि हिंमत बघा, पत्रकं वाटून सांगते आहे. त्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणातली पोरं घराकडे जशी सुटली, तसं धावणं मी आमच्या कुठल्याही शिबिरात पाहिलेलं नाही. अहवालात लिहिण्यासारखं यश होतं ते, फक्त दिशा चुकली.

दुसऱ्या दिवशी पटांगणाच्या गेटला कुलूप लागलं आणि चावी सरपंचांच्या खिशात गेली.

माझ्या भावाची मुलगी पहिलीत आहे. पटांगणात ती रोज जायची, पण खेळात ती कच्चा लिंबू. म्हणजे धावायचं सगळ्यांबरोबर, पण बाद झाली तरी बाद नाही आणि कुणाला शिवली तरी ते धरायचं नाही. हे तिला फार लागायचं. एकदा तरी आपल्यावर राज्य यावं, एवढंच तिचं मागणं होतं. आता तेही गेलं. ती घरातून हलू नये म्हणून वहिनीनं तिच्या हातात मोबाईल दिला. माझ्या पत्रकानं घरात केलेली क्रांती ती एवढी.

मोठी पोरं दोनच दिवस घरात टिकली. मग पटांगणाभोवतीच्या चिऱ्यांच्या गडग्यावरून, त्या कुंपणाच्या भिंतीवरून, उड्या मारून आत जाऊ लागली. बंद आवारात त्यांनी नवा खेळ काढला, पोरं पळवणाऱ्याचा. एकावर राज्य, तो पळवणारा, बाकीच्यांनी जीव घेऊन पळायचं. आधी तिथं क्रिकेट चालायचं, त्यात दोघं खेळायची आणि बाकीची उभी असायची. आता उभं कुणीच नव्हतं. उभी होती ती आमची, बाहेर, गेटच्या गजांना धरून. गडगा तिच्या डोक्याच्या वर.

"आत्ये, माका उचलून आत घाल," ती म्हणाली.

गावात पोरं पळवणाऱ्या टोळीची बातमी ताजी, आणि मी शाळेच्या गडग्यावरून पोर उचलताना दिसायचं? मी तशीच सरपंचांकडे गेले. पळणे, पळवणे, प्रयोजक रूप, सगळं समजावलं. ऑफिसातली मराठी ते बराच वेळ निभावत होते, मग सोडून दिली.

"व्याकरण ऱ्हवांदे गो बाय. उद्या पोर गेला, तर तुझा व्याकरण ता परत हाडून देतला?"

मी म्हटलं, घरात कोंडलेलं पोर तसंही गेलेलंच असतं. हे वाक्य पत्रकातलं होतं, पण पहिल्यांदाच कुणीतरी ऐकलं. कुलूप काढायला ते तयार झाले, अटी दोन. शीर्षक बदलायचं, आणि संध्याकाळी गेटवर राखणीला मी बसायचं. म्हणजे टोळीही मीच आणि पहाराही मीच.

नवं शीर्षक 'मुलांना धावतं करूया'. पत्रकांचा गठ्ठा अजून सोडलेला नाही. गेटजवळचा चिरा संध्याकाळपर्यंत तापलेला असतो, मी गठ्ठ्यावर बसते.

पहिल्या दिवशी गेट सताड उघडं होतं आणि एकूण एक पोर गडग्यावरून आत आलं. मी चिडून विचारलं, कुलूप कुणासाठी काढलं मग? गेटातून कोण येतं, असं त्यांचं म्हणणं. एवढ्यात आमची गेटातून आली. एकटीच, सावकाश, हातात मोबाईल.

सगळी पोरं थबकली. मग त्यांच्यातली मोठी मुलगी ओरडली, "गेटातसून इली ती पळवणारी!"

आमची जागीच थांबली. "म्हणजे मी कच्चा लिंबू नाय?"

"नाय गो. धर आमका."

तिनं मोबाईल माझ्या मांडीत टाकला आणि सुटली. एक कार्टून मध्येच थांबलं होतं. रस्त्यानं जाणारे माझ्याकडे बघत होते: पोरं धावतायत, आणि ही बघा, मोबाईल घेऊन बसली आहे.