धुडकू कुंभाराची चंपा

रनाळ्यात मान दोघांनाच: पाटलांना आणि धुडकू कुंभाराच्या गाढवीला. पाटलांना रामराम घालायला लोक कधीमधी विसरत, चंपाला मात्र कोणी विसरत नसे. डांग्या खोकल्यावर गाढवीचं दूध म्हणजे अक्सीर इलाज, अशी आसपासच्या साऱ्या गावांची खात्री होती. धुडकूची मडकी गळत आणि त्याचे रांजण एका कुशीवर झुकत. तेव्हा त्याची गावात जी काही इभ्रत होती, ती चंपाच्या आचळांत होती. तोही कृतघ्न नव्हता. बायकोला "अगं ए" म्हणणारा हा गृहस्थ गाढवीला अहोजाहो करी.

"चंपाबाई, तुमना पाय धरस, आज जरासं जास्ती द्या!"

एकतीस सालच्या हिवाळ्यात खोकला आला. दूध धारोष्णच पाजायचं, म्हणून उजाडताच धुडकूचं अंगण भरे. वीसपंचवीस पोरं खोकून लाल होत, हूप करून श्वास ओढत आणि ओकत. ज्यांची तान्ही अजून धडधाकट होती त्या आयाही येत, पुढं लागू नये म्हणून. धुडकू नवरदेवासारखा मिरवे.

"दगूबाई, पोरगं ओकनं ते ओकू दे. दूध काम करी ऱ्हायनं शे!"

घरात सून रेवाबाई बाळंतीण होती. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर मुलगी झाली होती, वीस दिवसांची. बारसं लांबलं होतं, कारण आजोबांना नाव 'चंपा' हवं होतं.

"गाढवीनं नाव मन्ही पोरले? नही आबा, नही!"

नाव ठेवायचं राहिलं, पण पहिला मान नातीचा. धुडकू रोज तिला छातीशी धरून अंगणात आणी, त्या गर्दीच्या मधोमध बसे आणि बोटानं दुधाचा थेंब चाटवी.

एके सकाळी बाळ दोनदा बारीक खोकलं, मग गप्प झालं. ओठ निळे पडले. थोड्या वेळानं श्वास आला. धुडकू म्हणाला, "हूप तर करत नही. हाई डांग्या नही." दुपारपर्यंत ती पाच वेळा निळी पडली, तेव्हा त्यानं बैलगाडी जुंपली.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी विचारलं, "हिच्याजवळ खोकणारं कोणी आलं होतं?"

धुडकूनं मोठ्या अभिमानानं नावं मोजायला सुरुवात केली. आठव्या नावाशी त्याची जीभ थांबली.

"एवढ्या बाळाला खोकायचीही ताकद नसते," डॉक्टर म्हणाले. "श्वासच थांबतो. माझ्याकडे यावर औषध नाही. खोकणाऱ्यांपासून लांब ठेवायचं, तेवढंच हातात होतं."

परतीच्या वाटेवर, रेवाबाईच्या मांडीवर, सातव्या वेळी श्वास आला नाही.

दुसऱ्या दिवशी अंगण नेहमीसारखं भरलं. सगळ्यांत पुढं जसोदाबाई होती, महिन्याचा मुलगा पदराखाली घेऊन. खोकला त्याला नव्हता.

धुडकू फाटकात आडवा उभा राहिला. "पोऱ्याले घर लई जा, माय. आठे समदा पोरं खोकली ऱ्हायनात! मीच मन्ही नातले..."

"सोतानी नात गयी, म्हनीसन मन्हा पोऱ्याले दूध नही देस का?" जसोदाबाई कडाडली. मागच्या बायकांनी माना हलवल्या. म्हातारा दुःखानं खुळा झाला आणि वर कंजूसही, असा निकाल लागला.

त्यानं त्याच दिवशी चंपाला शिंगरासकट दूर खांडबाऱ्याच्या एका कुंभाराकडे पोचवलं. निघताना तिला अहोजाहो केलं नाही; नावानं हाकही मारली नाही. अंगण रिकामं झालं म्हणजे तान्ही वाचतील, असा त्याचा हिशेब होता.

तिसऱ्या दिवशी उजाडता जसोदाबाई वेशीबाहेर निघाली. शेजारच्या गावातल्या कुंभाराकडेही एक दुभती गाढवी होती. खोकणारी पोरं कडेवर घेऊन चारपाच बायका तिच्या बरोबरीनं चालल्या होत्या.

"जसोदा, उभी ऱ्हाय!" धुडकू मागून धावला.

मेलेल्या नातीच्या आजोबाची सावली नको, म्हणून जसोदाबाईनं बाळावर पदर ओढला आणि त्या बायकांच्या मधोमध शिरली.