नलूताईंच्या नाताळच्या गोष्टी

मे महिन्याच्या दुपारी नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या इमारतीत कुणी दार उघडत नसे. तेव्हा नलूताई पराते कूलरसमोर पाय सोडून बर्फाच्या गोष्टी वाचत बसलेल्या असत. मानेवर ओला नॅपकिन, हातात शंभर-सव्वाशे पानांचं इंग्रजी पुस्तक, मुखपृष्ठावर लाल मफलर गुंडाळलेली मुलगी आणि मागे दिव्यांनी सजवलेलं झाड. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे विरजण मागायला गेले, तर वर न बघताच त्यांनी मला हाताने थांबवलं. "दोन मिनिटं थांब वं. तो माफी मागून राहिला."

त्या आमच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहत. मूळच्या उमरेडच्या, विणकर घरातल्या. वडिलांचा माग बंद पडल्यावर थोरली म्हणून त्या नर्सिंगला गेल्या, आणि भावांना मार्गी लावता लावता स्वतःचं लग्न राहून गेलं. छत्तीस वर्षं रुग्णालयात काढली. पंचवीस डिसेंबरची ड्यूटी त्या दरवर्षी मागून घेत, केरळच्या सहकारी मुलींना चर्चमध्ये जाता यावं म्हणून. त्या मुली परतताना केक आणत आणि एखादीचं वाचून झालेलं पुस्तकही. नर्सिंगपुरतं शिकलेलं इंग्रजी त्या पुस्तकांना सहज पुरायचं.

मी कॉलेजात मराठी शिकवते, तेव्हा मला हसू येणारच. शहरातली मुलगी गावी येते, बेकरीवाला भेटतो, बर्फाने रस्ते बंद होतात, चोवीस तारखेला गैरसमज मिटतो. "सगळ्या सारख्याच तर आहेत," मी एकदा म्हटलं.

"सारख्याच असते. रोजचं वरण कुठी वेगळं असते?" त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून, "बर्फ पडला का माणसं अडकते. अडकले का बोलते. आपल्याकडं कोणी अडकतच नाही. उठते अन् दुसऱ्या खोलीत जाऊन टीव्ही लावते."

पण त्या भाबड्या नव्हत्या. पुस्तकांच्या समासात पेन्सिलीने मराठीत शेरे असत. 'हिची आई मधेच कुठे गेली?' 'एवढ्या जेवणाची भांडी कोणी घासली?' एका नायकाचा पाय मोडतो आणि तो तिसऱ्या दिवशी नाचतो, तिथे ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'प्लास्टर सहा आठवडे.'

माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा शस्त्रक्रियेच्या दिवशी त्या माझ्याबरोबर आल्या. आईला आत नेलं आणि त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. "धर. यात डोकं चालवा लागत नाही." मी चिडले होते, तरी वाचलं. आईला बाहेर आणलं तेव्हा माझी सात पानं उरली होती. दुसऱ्या दिवशी मला नायिकेचं नावसुद्धा आठवेना, आणि मी ते जरा विजयानेच त्यांना सांगितलं.

"नाव आठवासाठी नसतेच ते," त्या म्हणाल्या. "तू दोन तास त्या दाराकडं पाहिलं का?"

नव्हतं पाहिलं.

दर हिवाळ्यात रामटेकहून दिवाकरराव नवा तांदूळ घेऊन येत. त्यांच्या पत्नीच्या शेवटच्या आजारात नलूताईंनी तिची शुश्रूषा केली होती. गृहस्थ कमी बोलणारे. चौसष्टीला आलेले, एका कानाने कमी ऐकू येणारे. एका डिसेंबरात मी तिथेच चहा पीत होते. पिशवी कोपऱ्यात ठेवून ते म्हणाले, "सिस्टर, तुम्ही रामटेकले येऊन राहाल का? लग्न करून म्हणतो मी."

नलूताईंनी हातातली बशी खाली ठेवली. "पहिले सिस्टर म्हणणं सोडा," एवढंच म्हणाल्या.

ते गेल्यावर मीच उतावीळ झाले. इतकी वर्षं त्या गोष्टींना हसणारी मी म्हणाले, "अहो, हो म्हणा ना. डिसेंबरच तर आहे."

"पुस्तकात चार दिवसांत हो म्हणा लागते, काहून का पानं संपून राहिले असते," त्या शांतपणे म्हणाल्या. "मले काय घाई आहे?"

त्यांनी दिवाकररावांना सहा महिने दर रविवारी बोलावलं. तांदूळ न आणता. स्वतःचं सगळं सांगून टाकलं. मी सकाळी कोणाशी बोलत नाही, स्वयंपाक मला धड येत नाही, राग आला की आठवडाभर टिकतो. आणि तुमच्या बायकोचा फोटो भिंतीवरून काढायचा नाही. दिवाकररावांनीही सांगितलं की पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलीला, वैशालीला, हे पसंत नाही. या वयात बाबांनी असं करावं याची तिला लाज वाटत होती. नलूताईंनी तिला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तिने कामात असल्याचं सांगून ठेवून दिला.

जूनमध्ये नोंदणी झाली. साक्षीदार मी आणि दिवाकररावांचे दोन शेजारी. सही कुठे करायची ते नलूताईंनी दोनदा विचारलं. शेकडो माणसांना धीर देणारी ही बाई घाबरलेली मी तेव्हाच पाहिली. बाहेर रिक्षात बसताना त्या म्हणाल्या, "पोरगी आली असती तं बरं झालं असतं."

रामटेकला त्यांची चार वर्षं बरी गेली. मी गेले की रेडिओच्या आवाजावरून भांडण चाललेलं असे. पुस्तकं तिकडेही गेली होती. दिवाकररावांना त्या गोष्ट मराठीत सांगत, कमी ऐकू येतं म्हणून ओरडून, आणि शेजारणी कुंपणाशी येऊन उभ्या राहत.

मग नलूताईंना कर्करोग निघाला. डॉक्टरांच्या आधी त्यांनीच ओळखला होता. दिवाकररावांना एकट्याने झेपेना, तेव्हा वैशाली आली. पहिल्यांदा आठ दिवसांसाठी, कर्तव्य म्हणून. पण आठाचे पंधरा झाले, पंधराचे दोन महिने. ती त्यांना अंघोळ घाली, कूस बदलून देई. तोवर नलूताईंचं बोलणं जवळजवळ थांबलं होतं. एकदा मी गेले तर त्यांनी तिचा हात हातात धरून ठेवला होता, आणि ती अवघडून तशीच बसून होती. हात मात्र सोडवून घेत नव्हती.

नलूताई गेल्या त्यानंतर पंधरा दिवसांनी मी रामटेकला गेले. दिवाकरराव आत पडले होते. वैशालीने ओसरीवर चटई टाकली, चहा दिला आणि माझ्यासमोर बसली.

"मावशी," ती म्हणाली, "त्यांना काय आवडायचं? काय खायच्या, कशाला हसायच्या? चार वर्षं मी विचारलंच नाही. मग विचारावंसं वाटलं, तर त्यांना बोलवत नव्हतं."

तिने माझा कप बाजूला ठेवला आणि जरा जवळ सरकली. मी सांगायला लागले. नागपूरची शेवटची बस गेली. तिने आत जाऊन माझं अंथरूण घातलं, परत येऊन बसली आणि म्हणाली, "पुढे?"