सगळ्यांना शगुनाचाच नंबर पाहिजे

उज्जैनला माधव नगरात आमच्या मराठी मंडळाचा हॉल आहे, त्याचा केअरटेकर मी. म्हणजे दऱ्या टाकायच्या, माइक लावायचा, माइक बिघडला की त्याला थापडा मारायच्या, आणि गणपतीत पंगती बसवायच्या. शाळा मी सातवीत सोडली. मास्तर म्हणायचे, शाळेनं मला सोडलं. यावर आमचं एकमत कधी झालं नाही.

हॉलच्या मागच्या खोलीत मंडळाची अभ्यासिका आहे. आमची मुलगी तिथंच बसून बँकेच्या परीक्षेची तयारी करते, कारण आमच्या घरात एकच खोली आणि त्या खोलीत मी बोलत असतो.

तर मागच्या वर्षी आमचे कोषाध्यक्ष काका, रेल्वेतून रिटायर झालेले, मीटिंगमध्ये म्हणाले की अभ्यासिकेत पोरं येतच नाहीत, खोली टेंटवाल्याला भाड्यानं देऊन टाकू, त्याचे बांबू राहतील. सचिव काका बँकेतले. ते म्हणाले, नेट नाही म्हणून येत नाहीत, आधी नेट लावून तर बघा. शेवटी ठरलं असं की नेट लावायचं, आणि येत्या रविवारी सगळ्या पोरांनी कमिटीसमोर एकदम ऑनलाइन सराव पेपर द्यायचा. चालला तर अभ्यासिका, नाही तर बांबू. मुलीनं हे ऐकलं आणि घरी येऊन आपली पुस्तकं कुठं मावतील ते बघायला लागली.

नेटचं काम माझ्याकडं आलं. माझं क्वालिफिकेशन इतकंच की केबलवाल्याची शिडी मी एकदा धरली होती.

टावर चौकातून नेटचा डब्बा, राउटर म्हणतात तो, आणला. दुकानदारानं मला नीट समजावलं. जो फोन, जो लॅपटॉप याला जोडला जाईल, त्याला डब्बा आपणहून एक नंबर देतो. एक नंबर एकालाच. त्या नंबरावरून डब्ब्याला कळतं, कोणाचं सामान कोणाकडं पाठवायचं. ऑटोमॅटिकवर राहू दे, म्हणाला, "बस, हाथ मत लगाना भिया."

आता 'हाथ मत लगाना' ऐकल्यावर मी हात लावला नाही असं आयुष्यात एकदाही झालेलं नाही.

माझं डोकं असं चाललं: आमच्या मंडळात सत्काराचा नारळ आधी कोणाला, यावरून माणसं दोन-दोन वर्षं बोलत नाहीत. आणि नंबर कोणाला कोणता, हे एक डब्बा ठरवणार? मी व्हिडिओ बघून ऑटोमॅटिक बंद केलं आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये हातानं नंबर टाकायला बसलो. नंबर असतो लांबलचक, पण शेवटचा तुकडा आपल्या हातात. सचिव काकांना दिला एकशे एक. शगुनाचा. आहेराच्या पाकिटात आपण शेवटी शून्य ठेवतो का? मग इथं कसा ठेवू?

कोषाध्यक्ष काकांना एकावन्न दिला. त्यांनी विचारलं, सचिवांना किती. मी सांगितलं. त्यांचा चेहरा असा झाला, जसं लग्नात त्यांना मागच्या रांगेत बसवलं. मग मी त्यांनाही एकशे एक देऊन टाकला. दोघंही खूश. दोघं एका वेळी खूश राहू शकत नाहीत, हे नंतर कळलं.

पोरांना अकरा, एकवीस, एकावन्न असं वाटत गेलो. चाळीस कोणाला नाही, तेरा तर नाहीच. शगुनाचे नंबर संपले की परत अकरापासून सुरू. मला वाटलं, वा, कोणी नाराज नाही.

शनिवारी ट्रायल घेतली. एकाचा पेपर उघडला की दुसऱ्याचा बंद. सचिव काकांचं चालू झालं की कोषाध्यक्ष काकांचं जायचं, आणि ते सचिवांकडं असं बघायचे की यांनीच काही केलं. मुलीचा नंबर एकवीस, आणि एकवीस आणखी तिघांचा. तिचा पेपर तिसऱ्या प्रश्नावर गोल-गोल फिरत राहिला. कोषाध्यक्ष काकांनी खिशातून टेप काढला आणि खोली मापायला लागले.

घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, ती खोली गेली तर मी कुठं बसू?"

माझ्याकडं प्रत्येक गोष्टीचं उत्तर असतं, बहुतेक चुकीचं. त्या दिवशी मी बायकोकडं वळलो.

बायको कणीक मळत होती. मी तिला सगळं सांगितलं, शगुनासकट. ती म्हणाली, "अहो, पंगतीत तुम्ही पाटावर नावं लिहिता का?"

मी म्हटलं, नाही. जो येतो त्याला वाढपी रिकामा पाट दाखवतो. तो जेवून उठला की तोच पाट दुसऱ्याला.

"एका पाटावर दोघं बसतात?"

"वाढपी बसू देईल का?"

"मग त्या डब्ब्याला वाढपी होऊ द्या," ती म्हणाली, "आणि तुम्ही गप्प बसा."

शेवटचे तीन शब्द तिनं लग्नापासून राखून ठेवले असावेत.

रविवारी सकाळी लवकर जाऊन मी ऑटोमॅटिक चालू केलं. जो आला त्याच्या फोनमधून, लॅपटॉपमधून माझा शगुन पुसून टाकला. फक्त प्रिंटरचा नंबर कायम ठेवला, पंगतीत गुरुजींचा पाट राखतो तसा. त्याला अकरा दिला. इतका हट्ट तरी चालायला पाहिजे.

पेपर सुरू झाला. मी दाराशी उभा, करायला काहीच नाही. इतका निरुपयोगी मी आजवर मेहनत करूनपण झालो नव्हतो. कोणाचं काही अडकेना. मुलगी तिसऱ्या प्रश्नाच्या पुढं गेली, मग पान उलटलं, मग आणखी एक. कोषाध्यक्ष काकांनीपण आपला फोन जोडला आणि भाव खात विचारलं, आपला नंबर काय आहे रे. मी डब्ब्यात बघितलं. एकशे चाळीस. शेवटी शून्य. मी म्हटलं, "काका, मस्त चालतोय ना? मग झालं."

सगळ्यांचे पेपर जमा झाले. कोषाध्यक्ष काकांनी आजही आणलेला टेप खिशात टाकला आणि म्हणाले, ठीक आहे, परीक्षांपर्यंत राहू द्या, मग बघू. सचिव काका मला म्हणाले की 'मग बघू' म्हणजे हो, रेल्वेवाले असंच बोलतात.

आता संध्याकाळी खोलीत जागा मिळत नाही, दऱ्या टाकाव्या लागतात. देवास गेटकडनं पोरं येतात, मराठी नसलेलीपण. परवा एक नवीन मुलगी दारात फोन घेऊन उभी राहिली, भैया, कोणता नंबर टाकायचा म्हणून विचारायला लागली. जुना मी असतो तर तिला एकवीस दिला असता.

"काही टाकू नको," मी म्हटलं. "आत जाऊन बस. मिळतो."

कोपऱ्यातून आमच्या मुलीनं मान वर न करता दप्तर बाजूला सरकवलं आणि तिला जागा करून दिली.