माझ्यापुरता राहू द्या

आई क्षयाच्या दवाखान्यातून बरी होऊन आली, त्यानंतरचं ते पहिलं प्रभुभोजन. मला सकाळपासून धास्ती होती. हिच्यापासून आता कुणाला धोका नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण डॉक्टरांच्या सांगण्याने लोकांचं भय जातं थोडंच! शेजारणी आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या आणि चहाचं नाव काढलं की त्यांना हटकून घरचं काम आठवायचं. आईने तरी काय, स्वतःच आपला कप वेगळा ठेवला होता.

आमच्या घाटंजीकडच्या ख्रिस्ती देवळात प्रभुभोजनाला सगळ्यांना प्याला एकच. प्रभू धरला गेला त्या रात्री त्याने शिष्यांना भाकर मोडून दिली, ती आपलं शरीर म्हणून. द्राक्षरस दिला, तो आपलं रक्त म्हणून. माझ्या आठवणीसाठी हे करत जा, म्हणाला. त्याच प्याल्यातून सगळे प्यायले. आजोबांना बाजारात चहा मिळायचा तो हॉटेलाबाहेर, वेगळ्या कपात. ते ख्रिस्ती झाले ते या एका प्याल्यापायी. आता त्यांच्याच लेकीमागून तो कुणी तोंडाला लावला नाही तर? आई क्षयातून उठली होती, यातून उठली नसती.

पुरुषांचं आधी आटोपलं. ती मुद्दाम बायकांच्या रांगेत शेवटी, माझ्या पलीकडे, गुडघे टेकून बसली. आपल्यामागून कुणाला प्यावं लागू नये म्हणून. पण उरलेला रस फेकत नाहीत, तो भोजन देणारे पाळकसाहेब स्वतः पितात. त्यांच्या घरात लहान लेकरं होती.

मनुका उकळून केलेला तो गोड रस मी घोटभर घेतला. आईची पाळी आली. तिने प्याला दोन्ही हातांनी धरला आणि घोटामागून घोट घेऊ लागली. ती थेंबही मागे ठेवणार नव्हती, हे माझ्या ध्यानात आलं, तेवढ्यात तिला ठसका लागला. आवरेचना. देवळात कुणी हललं नाही.

पाळकसाहेब वाकले आणि हळूच म्हणाले, "बाई, माझ्यापुरता राहू द्या."

तिच्या हातातून प्याला घेऊन ते उरलेलं प्यायले, प्याला पुसून मेजावर ठेवला आणि गीताचा नंबर सांगितला.

भीती तिथे सरायला हवी होती. ती कसली सरते! आता पाळकसाहेबांची काळजी लागली. कित्येक रविवार प्रवचन माझ्या डोक्यात शिरलंच नाही. ते खोकतात का, तेवढंच ऐकत बसायचे. मला वाटायचं, मी एकटीच ऐकते. एका रविवारी परतताना आई वाटेत थांबली.

"आजही नाही खोकलले ना वं?"

मी नाही म्हटलं. घरी येऊन तिने चहा केला, आणि प्यायल्यावर आपला कप आमच्या कपांतच धुवायला टाकला.